मिठाच्या खालची माणसे

मास्तरकीसाठी मी पहिली मुलाखत दिली त्याला आता वीस-बावीस वर्षे होऊन गेली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. जागा विनाअनुदानित, पगार नावापुरता, आणि उमेदवार मी एकटाच. तरीही मुलाखतीचा थाट व्हायचा तो झालाच. टेबलापलीकडे चार गृहस्थ बसले होते. त्यांतल्या एकाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारले, “‘टु ईट हंबल पाय’ म्हणजे काय हो?”

हा वाक्प्रचार मी कधी ऐकला नव्हता. ‘हंबल’ म्हणजे नम्र, गरीब, हे माहीत होते. ‘पाय’ म्हणजे कणकेच्या पारीत सारण भरून भाजलेला काही पदार्थ, इतके कोशात वाचले होते. मी दोहोंची मोट बांधली आणि म्हणालो, “गरिबाचे जेवण जेवणे.”

चौघेही हसले. “अहो, अपमान गिळून माफी मागणे!” ते गृहस्थ म्हणाले, आणि मग हसू ओसरल्यावर त्यांनी मला नेमले. त्यानंतर आत पोह्यांच्या बशा गेल्या आणि माझा चहाचा कप बाहेर ओसरीवर आला. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही. नोकरी मिळाली होती, चहा गरम होता. पुढे चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज कवीने मला त्या कपाची आठवण करून दिली. त्याची हकीकत ओघात येईलच.

त्या हसण्याने मात्र एक खोड लावली. इंग्रजीत खाण्यापिण्याचा वाक्प्रचार दिसला, की तो मूळ कोणाच्या ताटातला, हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना. रद्दीच्या दुकानात स्कीट नावाच्या पंडिताचा व्युत्पत्तिकोश मिळाला, तो घेतला. पुष्कळ जुनी पुस्तके आता खिशातल्या फोनवरही वाचता येतात, त्यामुळे माझ्यासारख्या खेडेगावच्या मास्तरालाही या उद्योगात कोणाचे फारसे पाय धरावे लागत नाहीत.

पहिला शोध अर्थातच ‘हंबल पाय’चा. तो लागला तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण माझे उत्तर चुकले होते खरे, पण सारेच चुकले नव्हते. या ‘हंबल’चा नम्रतेशी मुळात संबंधच नाही. हरणाचे काळीज, फुप्फुसे, आतडी, म्हणजे आपण ज्याला कलेजी-वजडी म्हणू, त्याला जुन्या फ्रेंचमध्ये ‘नोंब्ल’ म्हणत. इंग्रजांनी त्याचे ‘नंबल्स’ केले. पुढे ‘अ नंबल’ म्हणता म्हणता आरंभीचा ‘न’ मागच्या शब्दाला जाऊन चिकटला आणि ‘अन् अंबल’ झाले. ‘एप्रन’ हा शब्द असाच मुळात ‘नेप्रन’ होता. तर अंबल्स घालून केलेला पाय तो ‘अंबल पाय’.

हे अंबल्स कोणाच्या वाट्याला येत, हे समजायला त्या देशातल्या हरणाचा भाव कळला पाहिजे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि मोठमोठी राने राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवली. हरीण मारणाऱ्याचे डोळे काढावेत असा त्याचा हुकूम होता, अशी नोंद इंग्रजांच्या जुन्या बखरीत आहे. हरणापायी कोणाचा जीव वा अवयव जाऊ नये, हे कायद्याने ठरायला १२१७ साल उजाडावे लागले. अशा हरणाची शिकार झाली की मांडी धन्याच्या घरी जाई. रानाच्या राखणदाराला रिवाजाने काय मिळे, ते विल्यम हॅरिसन या पाद्र्याने सोळाव्या शतकात लिहून ठेवले आहे. कातडे, डोके वगैरेंच्या त्या यादीत अंबल्सही आहेत.

इथवर आल्यावर मला वाटले, चला, गरिबाचेच जेवण! पण इतिहास मास्तरांच्या सोयीने चालत नाही. आरमाराच्या कचेरीतला बडा अधिकारी सॅम्युअल पीप्स याने आपल्या रोजनिशीत १६६३ च्या जुलैत लिहिले आहे, की एका बाईंनी भट्टीतून काढलेला गरमागरम अंबल पाय आणून दिला आणि तो फारच उत्तम झाला होता. म्हणजे साहेबही तो चाटूनपुसून खात. मग त्यात अपमान शिरला कसा? तर लंडनच्या सामान्य माणसाला शब्दाच्या आरंभीचा ‘ह’ उच्चारायची सवय नाही. त्याच्या तोंडी ‘हंबल’चेही ‘अंबल’च होते. दोन शब्द एकमेकांवर आदळले आणि कोणा गमत्या माणसाने कोटी केली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती रूढ झालेली दिसते. डिकन्सने १८४९-५० साली ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ लिहिली तेव्हा युराया हीप हा लाचारीचा अर्क त्याने ‘ह’ गाळूनच बोलता केला. आपण हे असले अन्न खातच वाढलो, असे हा हीप सांगतो. धर्मादाय शाळेत त्याला लिहिण्यावाचण्याआधी लवून वागायला शिकविले होते. त्या कादंबरीत तो खलपुरुष आहे. पण मला त्याचा पुरता राग कधी येत नाही.

जेवण आणि पायरी यांची ही गाठ इंग्रजी भाषेत फार जुनी आहे. ‘लॉर्ड’ आणि ‘लेडी’ हे दोन भारदस्त शब्द घ्या. जुन्या इंग्रजीत भाकरीला, पावाला ‘ह्लाफ’ म्हणत. आजचा ‘लोफ’ तो हाच. ‘ह्लाफ’ राखणारा तो ‘ह्लाफवेअर्द’, त्याचा झिजून झाला लॉर्ड. पीठ मळणारी ती ‘ह्लाफदिये’, तिची झाली लेडी. भाकरीचा कोठावळा आणि कणीक मळणारी बाई, एवढेच त्या किताबांचे मूळ. मग त्या घरात तिसरा कोणी होता का? होता. त्याला म्हणत ‘ह्लाफएटा’, म्हणजे भाकरी खाणारा. हा घरचा गडी, अंगावर जेवणारा पोटार्थी. केंटचा राजा एथेलबर्ट याने इ. स. ६०० च्या सुमारास केलेले कायदे इंग्रजीतले सर्वांत जुने. त्यांत स्वतंत्र माणसाचा खून केल्यास १०० शिलिंग भरपाई सांगितली आहे, आणि सामान्य शेतकऱ्याच्या भाकरी-खाणाऱ्याला मारल्यास ६ शिलिंग. पुढे हाच शेतकरीही लॉर्डांपुढे वाकू लागला. पहिले दोन शब्द झिजून झिजून दरबारात जाऊन बसले. तिसरा भाषेतून नाहीसाच झाला. सहा शिलिंगांच्या माणसाचे नाव कोण जपून ठेवणार!

नाही म्हणायला ‘कंपॅनियन’ हा शब्द याला उतारा आहे. लॅटिनमधला ‘पानिस’ म्हणजे पाव. एका पावातले जे वाटून खातात ते सोबती. सैन्यातली ‘कंपनी’ आणि व्यापारातली ‘कंपनी’ याच पावातून निघाल्या. यांतल्या दुसऱ्या कंपनीने आपल्याशी पाव कसा वाटून खाल्ला, ते आपण जाणतोच.

आता मिठाकडे येतो. मूळ सांगायची गोष्ट हीच आहे.

मध्ययुगातल्या सरदाराच्या वाड्यात लांबच लांब दिवाणखाना असे. घरधनी आणि मानाचे पाहुणे यांचे टेबल एका टोकाला, बहुधा चौथऱ्यावर. तिथे चांदीचे, क्वचित सोन्याचा मुलामा दिलेले, हातभर उंचीचे मिठाचे पात्र ठेवीत. अशी काही पात्रे ऑक्सफर्डच्या कॉलेजांनी अजून जपून ठेवली आहेत. देवळाच्या कळसाचा थाट आणि आत मीठ चिमूटभर! त्या पात्राच्या वर, म्हणजे धन्याच्या बाजूला बसणारे ते मानकरी. त्याच्या खाली बसणारे ते आश्रित, कारकून, नोकरमाणसे. ‘बिलो द सॉल्ट’ म्हणजे हलक्या पायरीचा, हा वाक्प्रचार तिथून आला.

मुलांना मी हे प्रथम सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, “गुरुजी, खालच्यांना मीठ वाढायचेच नाहीत?” मी म्हणालो, वाढीत असतील, पण चांदीच्या पात्रातून नव्हे. तिचे समाधान झाले नाही. आमच्याकडे पानात पहिले मीठ पडते आणि ते प्रत्येकाच्या पानात पडते, याचा तिला अभिमान वाटत असावा. पण आपणही फार ताठ मानेने बोलू नये. आपण मिठाने माणसे वेगळी केली नाहीत; पंगतच वेगळी मांडली. ज्याला पंगतीत बसायची मनाई तो ‘अपांक्तेय’. हा शब्द आजही साहित्यसंमेलनाच्या भाषणांत सर्रास वापरला जातो, आणि वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उंबऱ्याबाहेर ताटकळणारा माणूस क्वचितच उभा राहतो.

तर तो कवी. जोसेफ हॉल त्याचे नाव. पुढे तो बिशप झाला, पण १५९७ साली तो तेवीस वर्षांचा होता आणि त्याने उपहासकवितांचे पुस्तक छापले. दोन वर्षांनी धर्माधिकाऱ्यांनी असली पुस्तके जाळण्याचा हुकूम काढला. हॉलचे पुस्तक यादीत असूनही कसेबसे वाचले. त्यात एका खेडवळ जमीनदाराला आपल्या मुलांसाठी घरशिक्षक हवा आहे. हा शिक्षक पाद्रीपणही करणार. जमीनदार अटी घालतो. मास्तराने मोठ्या पलंगाखाली सरकवायच्या बुटक्या पलंगावर निजावे; वर धाकटे धनी निजतील. जेवायला मिठाच्या वर कधीही बसू नये. ताटली दुसऱ्यांदा बदलून मागू नये. जेवताना डोक्यावर टोपी नको, आणि जेवण अर्ध्यावर आले की उठून वाढायला लागावे. शेवटची अट अशी की, मुलाला मारायचे झाल्यास किती फटके मारायचे ते आधी त्याच्या आईला विचारावे. हे सर्व पाळले तर मालक खुषीने वर्षाला पाच मार्क आणि हिवाळ्याचा एक पोशाख देईल. पाच मार्क म्हणजे सव्वातीन पौंडांहून थोडे अधिक.

इंग्रजीत मिठाच्या या वर-खालीचा सर्वांत जुना छापील उल्लेख म्हणून कोशकार या कवितेकडे बोट दाखवितात. मिठाच्या खाली बसलेला, पुस्तकात सापडणारा हा पहिला माणूस म्हणजे एक मास्तर! मी ती कविता वाचली त्या रात्री मला ती ओसरी आठवली. आत बशा वाजत होत्या. ज्यांनी मला ‘हंबल पाय’चा अर्थ सांगितला, ते त्याच क्षणी मला मिठाच्या खाली बसवीत होते, आणि ते त्यांनाही ठाऊक नव्हते नि मलाही. त्यांचा मला आता राग नाही. एवढेच की, शाळेत कोणी नवा शिक्षक मुलाखतीला आला म्हणजे मी त्याचा चहा आत आणायला सांगतो.

मिठाच्या बाबतीत खोट्या गोष्टीही पुष्कळ. ‘सॅलरी’ हा शब्द ‘साल’ म्हणजे मीठ यापासून झाला हे खरे. पण रोमन शिपायाला पगार मिठाच्या रूपाने मिळे, ही जी कथा शाळाशाळांतून सांगितली जाते, तिला कोणा प्राचीन लेखकाचा आधार नाही. प्लिनी शब्दाचे नाते सांगतो, पोती मोजून देत असल्याचे सांगत नाही. त्याच प्लिनीने मिथ्रिडेटिस राजाचा विषावरचा उतारा नोंदवून ठेवला आहे. वाळलेले दोन अक्रोड, दोन अंजिरे, सताप्याची वीस पाने, आणि वर मिठाचा एक कण. एखादी बातमी ‘मिठाच्या कणासोबत’ घ्यावी असे इंग्रज म्हणतो त्याचे मूळ इथे दाखवितात. पगाराच्या कथेलाही तो कण लावलेला बरा.

असाच मोह ‘अपर क्रस्ट’च्या बाबतीत मला पडला होता. उच्चभ्रू लोकांना इंग्रजीत ‘वरचा पापुद्रा’ म्हणतात. जॉन रसेल नावाच्या वाढप्याने पंधराव्या शतकात नोकरांसाठी एक पद्यमय पाठ लिहिला आहे, त्यात पावाचा वरचा पापुद्रा कापून धन्यापुढे ठेवावा असे खरोखरच आहे. किती छान जुळते! मी वर्गात ते ठासून सांगितलेही. पण माणसांसाठी हा शब्द एकोणिसाव्या शतकाआधी सापडत नाही; मधल्या पावणेचारशे वर्षांचा धागा कोणाच्याच हाती नाही. पुढच्या आठवड्यात मला वर्गापुढे उभे राहून आपले विधान मागे घ्यावे लागले. मुले अत्यंत आनंदाने ओरडली, “गुरुजींनी हंबल पाय खाल्ला!”

एक मीठ मात्र थेट आपल्या घरचे. ‘ट्रू टु हिज सॉल्ट’ हे शब्द हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात वारंवार येतात. शिपायाच्या तोंडी ‘नमकहलाल’ आणि ‘नमकहराम’ होते. मराठी गडी खाल्ल्या मिठाला जागत होता. कंपनीला ही कल्पना फारच सोयीची वाटली. १८५७ साली ज्यांनी बंदुका फिरविल्या, त्यांच्यावर मिठाला न जागल्याचा ठपका आला. हे मीठ होते कोणाचे, हा प्रश्न त्या लिखाणात सहसा विचारलेला नाही. इथलाच समुद्र, इथलीच मिठागरे, आणि त्यावर कर घेणारे तेच सरकार. १९३० साली आमच्या कोकणात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला तेव्हा या प्रश्नाचे उत्तर माणसांनी मुठीत उचलून घेतले.

पिण्याच्या वाक्प्रचारांत मी फार खोल शिरत नाही. तो प्रांत माझा नव्हे. पण तिथेही वर-खाली आहेच. बार्ली एकदा उकळून जोरकस बिअर काढली, की त्याच चोथ्यात पुन्हा पाणी ओतून पातळ बिअर काढीत. ती नोकरांना आणि मुलांना. तिचे नाव ‘स्मॉल बिअर’, आणि क्षुल्लक गोष्टीला इंग्रज अजून तेच म्हणतो. उलट ‘लॉर्डसारखा झिंगलेला’ हा प्रयोग सतराव्या शतकातला. झिंगायला पुरेल इतकी खरी बिअर कोणाला मिळे, ते त्यातून कळते. चहाची गोष्ट निराळी. पीप्सने २५ सप्टेंबर १६६० रोजी चिनी पेय म्हणून तो प्रथम चाखला, तेव्हा तो श्रीमंतांचा शौक होता. १७८४ साली त्यावरचा कर शेकडा ११९ वरून साडेबारावर आणला आणि चहा मजुराच्या चुलीपर्यंत पोचला. ‘हा माझ्या कपातला चहा नव्हे’, म्हणजे ही माझ्या आवडीची गोष्ट नव्हे, असे म्हणायला इंग्रजाला त्यानंतर आणखी सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. नाक मुरडायला आधी वस्तू रोजची व्हावी लागते.

आणि ज्याला काहीच मिळत नाही त्याच्यासाठी? त्याच्यासाठीही इंग्रजीत एक वाक्प्रचार होता. आता तो कोणी वापरीत नाही, पण मला सर्वांत प्रिय तोच. ‘टु डाइन विथ ड्यूक हम्फ्री’, म्हणजे ड्यूक हम्फ्रीकडे जेवणे; अर्थात उपाशी राहणे. ग्लॉस्टरचा ड्यूक हम्फ्री हा चौथ्या हेन्री राजाचा मुलगा. तो १४४७ साली वारला. लंडनच्या जुन्या सेंट पॉल देवळात एक थडगे होते, ते लोक त्याचे समजत. वास्तविक ते सर जॉन बोशँप याचे. ड्यूकला सेंट आल्बन्सला पुरले होते, आणि जॉन स्टोने १५९८ साली ही चूक दाखवूनही दिली होती. पण लोकांनी ऐकले नाही. त्या देवळाच्या मधल्या भागात दिवसभर गर्दी असे: सौदे करणारे, नोकरी शोधणारे, उगाच हिंडणारे. दुपारी ज्याला जेवायचे बोलावणे असे तो निघून जाई. ज्याला नसे तो थडग्यापाशी घुटमळत राही. कोणी विचारले तर म्हणायचे, आज ड्यूककडे जेवण आहे! डिकन्सने ‘मार्टिन चझलविट’च्या आरंभी यावर मजा केली आहे. चझलविटांचा एक पूर्वज वरचेवर ड्यूक हम्फ्रीकडे जेवत असे, सबब हे घराणे बड्यांच्या नात्यातले असले पाहिजे, असा वंशावळीचा पुरावा तो देतो.

१६६६ च्या आगीत ते देऊळ आणि थडगे दोन्ही जळाले. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाचा सर्वांत जुना कक्ष अजून ड्यूक हम्फ्रीच्या नावाने ओळखला जातो, कारण त्याने विद्यापीठाला हस्तलिखिते दिली होती. एकाच माणसाच्या नावावर ग्रंथ आणि उपास, हा योग मास्तरांना तरी नवा वाटू नये.

गेल्या वर्षी हे सारे मी सातवीला सांगितले. परीक्षेला यातले काही येत नाही, पण मुलांनी मन लावून ऐकले. नंतरच्या सोमवारी हजेरी घेताना मागच्या बाकावरचा एक मुलगा डोके टेकून बसलेला दिसला. त्याची आई पहाटेच काजूच्या कारखान्यावर जाते. घरी धाकट्या दोन बहिणी. मी विचारले, “का रे, सकाळी काय खाल्लेस?”

त्याने मान वर केली, क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि हसून म्हणाला, “ड्यूक हम्फ्रीकडे जेवलो, गुरुजी.”

सारा वर्ग हसला. मलाही हसू आले, आणि हजेरीपटावरची लेखणी तशीच राहिली. घड्याळात पावणेअकरा झाले होते. शाळेतली खिचडी दीड वाजता मिळते.